श्रोत्यांची शाळा

आपल्या परंपरेनें ज्ञानाचें पहिलें द्वार म्हणून कानाची निवड केली आहे. वेदांस श्रुति हें नांव पडलें तें ते ऐकून राखले गेले म्हणून. नवविधा भक्तींत पहिलें स्थान श्रवणास आहे. आणि श्रवण, मनन, निदिध्यासन या तीन पायऱ्यांतही आरंभ श्रवणापासूनच होतो. असें असतां आमच्या शाळांतून वाचावयास शिकवितात, लिहावयास शिकवितात, अलीकडे यंत्रांशीं बोलावयासही शिकवितात; परंतु ऐकावयास शिकविण्याचा तास कोठें आढळत नाहीं. अडतीस वर्षें आम्ही मास्तरकी केली. तेवढ्या अवधींत "नीट ऐका" हे दोन शब्द आमच्या तोंडून किती सहस्र वेळां निघाले असतील त्याची गणना नाहीं. पण नीट ऐकणें म्हणजे नेमकें काय करणें, हें सांगणारें पाठ्यपुस्तक सरकारनें कधीं आमच्या मेजावर ठेविलें नाहीं.

म्हणूनच गेल्या वर्षीं आमच्या पुतण्याच्या मुलीनें महाविद्यालयांत विज्ञानशाखेंत प्रवेश घेतांना जोडीस 'संगीत-रसग्रहण' हा विषय निवडला, तेव्हां आम्हांस मनापासून आनंद झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें विद्यार्थ्यांस आपल्या शाखेबाहेरचे कांहीं विषय घेण्याची मोकळीक दिली आहे, त्याचें हें फळ. हा विषय गावयास शिकविण्याचा नव्हे. त्यास गळा लागत नाहीं, पेटी लागत नाहीं, पूर्वीची तयारी लागत नाहीं. दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा हा अभ्यास केवळ ऐकण्याचा आणि ऐकलेलें तपासून पाहण्याचा आहे.

घरांत मात्र त्या रात्रीं पंगतीवर बरीच चर्चा झाली. पुतण्या अभियंता. त्यानें विचारलें, "ऐकायला काय शिकायचें? कान सगळ्यांनाच आहेत." आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, त्यांनीं विषयाचे गुण किती धरतात याची चौकशी केली. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत नटांप्रमाणेंच प्रेक्षकांचाही विचार केला आहे. तेथें ते सांगतात कीं, तरुणांस शृंगार रुचतो, विद्वानांस शास्त्रचर्चा, अर्थाच्या मागें लागलेल्यांस अर्थाची कथा आणि वृद्धांस पुराणें. आमची पंगत पाहतां मुनींचें निरीक्षण अद्याप शिळें झालें नाहीं असें दिसलें. पुतण्यास आम्ही इतकेंच म्हटलें कीं, डोळेही सगळ्यांनाच आहेत. तरी वाचावयास शिकण्यासाठीं तुला आमच्याच शाळेंत यावें लागलें. अभिनवगुप्तांनीं सहृदय कोणास म्हणावें हें सांगतांना काव्याच्या सततच्या परिशीलनानें ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो, अशी खूण दिली आहे. आरसा जन्मतः मिळतो. पुसण्याचें काम रोजचें असतें.

वहिनी त्या चर्चेंत कांहीं बोलल्या नाहींत. त्या वाढीत होत्या. पण वाढतां वाढतां नातीपाशीं थबकून त्यांनीं हळूच विचारलें, "तंबोरा असतो का गं त्या वर्गांत?"

या प्रश्नाचें मूळ सांगितलें पाहिजे. वहिनींचें माहेर मिरजेचें. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीमखाँ यांनीं ज्या गांवीं वास्तव्य केलें आणि १९३७ सालीं प्रवासांत देह ठेविल्यावर जेथें त्यांस विसांवा मिळाला, तें हें गांव. दर्ग्यांत उरुसाच्या वेळीं त्यांच्या स्मरणार्थ गायनसेवा होते. वहिनी लहानपणीं माहेरच्या गच्चीवर चटई टाकून तें दूरचें गाणें मध्यरात्रीपर्यंत ऐकत. पुढें शनिवारीं रात्रीं आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत-कार्यक्रम ऐकण्याचा त्यांस छंद लागला. हा कार्यक्रम १९५२ सालीं सुरू झालेला. दोन वर्षें त्या एका बुवांकडे शिकल्याही. मग लग्न होऊन आमच्या घरीं आल्या. त्या काळीं घरांत दोन्ही वेळां अकरा पानें मांडली जात. त्यांस कोणी गाऊं नको म्हटलें नाहीं. त्याची गरजच पडली नाहीं. अकरा पानें वाढून झाल्यावर गावयास कोणापाशीं काय उरतें? तंबोरा माहेरींच राहिला. ऐकणें तेवढें चालू राहिलें, तेंही फोडणीच्या आवाजाआडून. अशा रीतीनें पन्नास वर्षें आमच्या घरांत एक जाणती श्रोती नांदत होती आणि तिच्या जाणतेपणास नांव नव्हतें.

आतां त्या वर्गाविषयीं. पहिल्याच दिवशीं अध्यापिकाबाईंनीं कांहीं ऐकविलें नाहीं. मुलांस पांच मिनिटें स्तब्ध बसवून जे जे आवाज कानीं येतील ते लिहून काढण्यास सांगितलें. नातीनें तोच प्रयोग घरीं करविला. पुतण्याच्या कागदावर चार आवाज निघाले: पंखा, रस्त्यावरची वाहनें, कुत्रें, कुकर. वहिनींच्या कागदावर एकोणीस होते, आणि त्यांत पंखा फिरतांना दर फेरीस एकदां किंचित् अडखळतो ही नोंद होती. दुसऱ्या दिवशीं पंख्याचा एक स्क्रू सैल झालेला सांपडला. विषयाचा उपयोग काय, हा प्रश्न त्यानंतर पुतण्यानें विचारला नाहीं.

दुसरा पाठ तंबोऱ्याचा. सांगली-मिरजेच्या लोकांस यांत नवें तें काय, असें वाटेल. मिरजेच्या सतारमेकर गल्लींतून पंढरपूर भागांतले भोपळे आणि तुणीचें लाकूड जातांना आम्ही सर्वांनींच पाहिलें आहे. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. पण तंबोरा पाहणें निराळें आणि ऐकणें निराळें. तारा चार: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखालीं दोरा सरकवीत नेला कीं एका नेमक्या जागीं तार एकाएकीं बोलूं लागते, तीच जवारी. मग खर्जाच्या तारेंतून, कोणी न छेडतां, गंधार उमटतो. गायकमंडळी त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. पदार्थविज्ञानाच्या भाषेंत तो मूळ नादाच्या पांचपट कंपनांचा उपनाद होय. नातीस हें सूत्र पाठ होतें. परंतु वर्गांत दहा मिनिटें कान देऊन बसल्यावर तो गंधार तिला पहिल्यानें प्रत्यक्ष ऐकूं आला, तेव्हां आपल्या अंगावर कांटा आला असें ती घरीं येऊन म्हणाली. सूत्र आणि अनुभव यांची अशी गांठ पडणें यालाच आम्ही शिक्षण म्हणतों.

त्यानंतर स्वर व राग. येथें बाईंनीं एक युक्ति केली. नांवें न सांगतां त्यांनीं दोन राग एकापाठोपाठ ऐकविले. दोहोंतही तेच पांच स्वर: सा, रे, ग, प, ध, मध्यम नाहीं, निषाद नाहीं. एक भूप आणि दुसरा देशकार. स्वर मोजले तर दोहोंत अणुमात्र भेद नाहीं. आणि तरी पंडित भातखंडे यांच्या पद्धतींत भूप कल्याण थाटांत बसतो व देशकार बिलावल थाटांत, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरीं गातात व देशकार सकाळीं. नातीनें दोन्ही ध्वनिमुद्रणें घरीं लावलीं आणि विचारलें, "आजी, हे दोन्ही एकच ना?"

वहिनी भाजी निवडीत होत्या. मान वर न करतां म्हणाल्या, "छे गं, एकच कसे? पहिला खालीं उतरून निवांत बसतो. दुसऱ्याला बसवतच नाहीं, तो आपला वरच्या अंगाला डोकावत राहतो. पहिला दिवेलागणीनंतरचा, दुसरा सकाळचा."

नातीनें वही उघडली. वहींत लिहिलें होतें: भूपाचा वादी गंधार, राग पूर्वांगप्रधान, देशकाराचा वादी धैवत, राग उत्तरांगप्रधान. शास्त्रानें सहा पारिभाषिक शब्दांत सांगितलेली गोष्ट वहिनींनीं पालक निवडतां निवडतां मराठींत सांगितली होती. आम्हांस येथें एक विचार सुचला. परिभाषा ही जाणिवेची जागा घेऊं शकत नाहीं हें खरें. परंतु परिभाषेवांचून जाणीव मुकी राहते हेंही तितकेंच खरें. वहिनींपाशीं जाणीव होती, नातीपाशीं शब्द होते. त्या संध्याकाळीं आजीनें वादी, संवादी, पूर्वांग, उत्तरांग हे शब्द नातीकडून नीट समजून घेतले, आणि नातीनें ते शब्द ज्याविषयीं आहेत तें आजीकडून घेतलें.

भातखंड्यांचें नांव निघालें म्हणून थोडें विषयांतर करतों. हे गृहस्थ व्यवसायानें वकील. हिंदुस्थानभर हिंडून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून त्यांनीं चिजा जमविल्या, दहा थाटांची व्यवस्था बसविली, आणि १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविण्यांत पुढाकार घेतला. १९२६ सालीं लखनौस संगीत-महाविद्यालय निघालें तेंही त्यांच्याच खटपटीनें. त्यांच्याही आधीं, १९०१ सालीं, पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें होतें. या दोघां विष्णूंनीं गाणें शिकण्याची वाट भल्या घरच्या मुलामुलींस मोकळी केली. पण गाणारे थोडे व्हावयाचे आणि ऐकणारे पुष्कळ. त्या पुष्कळांच्या शिक्षणाची सोय विद्यालयांनीं फारशी केली नाहीं. तें काम महाराष्ट्रांत दीर्घकाळ रंगभूमीनें केलें. १८८० सालच्या शाकुंतलापासून पुढें कित्येक घरांतून यमन, भीमपलास, बागेश्री हे राग शिरले ते नाटकाच्या पदांचा पदर धरूनच.

तालाच्या पाठाविषयीं थोडक्यांत लिहितों, कारण तो लिहून कळावयाचा नाहीं. त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर मोजावयाच्या, नवव्या मात्रेस खाली दाखवावयाची, आणि समेची वाट पाहावयाची. आमच्या दादांस हा पाठ फार मानवला. आयुष्यभर हिशेब केलेले गृहस्थ ते. गायक कितीही दूर हिंडून आला तरी सोळाव्या मात्रेनंतर बरोबर घरीं येतो, हें पाहून ते चकित झाले. "हा माणूस चोख आहे," असें त्यांनीं एका थोर गवयाविषयीं मत दिलें. रसिकतेस अनेक दरवाजे असतात. दादा जमाखर्चाच्या दरवाजानें आंत आले इतकेंच.

अभ्यासक्रमाचा उत्तरार्ध चिकित्सेचा आहे, आणि आमच्या मतें हाच भाग सर्वांत मोलाचा. चिकित्सा म्हणजे दोष काढणें अशी आपणांकडे समजूत आहे. शार्ङ्गदेवांनीं तेराव्या शतकांत आपल्याच महाराष्ट्रांत, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास राहून, संगीतरत्नाकर रचला. त्याच्या प्रकीर्णकाध्यायांत गायकांचे गुण आणि दोष दोन्ही वेगळाले सांगितले आहेत. कोणी दांत आवळून गातो, कोणी भीत भीत गातो, कोणी डोळे मिटून, कोणी नाकांतून. ही नामावळी वाचतांना हंसूं येतें. पण ती करणारा पुरुष किती बारकाईनें ऐकत आणि पाहत होता हें ध्यानांत येऊन आदरही वाटतो. वर्गांत बाईंनीं याच वृत्तीचा एक नियम घालून दिला. पहिले दहा आठवडे कोणीं आपल्या टिपणांत छान, सुंदर, अप्रतिम, काळजाला भिडणारें, हे शब्द लिहावयाचे नाहींत. काय घडलें तें लिहावयाचें: आलाप कोणत्या स्वरापाशीं थांबला, ताना केव्हां सुरू झाल्या, शब्द स्पष्ट होते कीं नव्हते, समेवर येणें अपेक्षित होतें कीं अवचित. आवडलें कीं नाहीं हा निवाडा पुराव्यानंतर. हा नियम घरांत इतका पसरला कीं, एके दिवशीं दादांनीं "आमटी छान झाली आहे" म्हणतांच नात म्हणाली, "आजोबा, काय घडलें तें सांगा." दादांनीं क्षणभर विचार करून चिंचेपेक्षां आमसूल पुढें आलें आहे असें सांगितलें, आणि वहिनींनीं आज खरोखरच आमसूल घातलें असल्याचें कबूल केलें. पन्नास वर्षांत त्यांच्या स्वयंपाकावर झालेला तो पहिला साधार अभिप्राय असावा.

घराण्यांच्या विचारासाठीं वामनराव देशपांडे यांचें १९६१ सालीं प्रसिद्ध झालेलें 'घरंदाज गायकी' हें पुस्तक वर्गांत वाचून घेतात. स्वर आणि लय ही दोन टोकें कल्पून त्यांमध्यें निरनिराळ्या घराण्यांची जागा त्यांनीं दाखविली आहे. स्वराच्या टोकास किराणा, लयीच्या टोकास आग्रा, आणि दोहोंचा तोल साधणारें जयपूर. सर्वांस ही मांडणी मान्य होईल असें नाहीं. परंतु ज्यास घराण्यांचा गंध नाहीं त्याच्या हातीं ती एक दिवा देते. जयपूरच्या गायकीसाठीं मुलांस गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी ऐकविली गेली. हीच भैरवी १९७७ सालीं अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडींत घालून सूर्यमालेपलीकडे धाडण्यांत आली. साडेतीन मिनिटांच्या आंत मावलेलें तें गाणें! जुन्या तबकडीच्या एका बाजूवर याहून अधिक वेळ नव्हताच; म्हणून त्या पिढीचे गायक एक स्वरही वायां जाऊं देत नसत. आज खिशांतल्या यंत्रांत हवें तितकें गाणें सांठविलेलें आहे, आणि मुलें दहा निमिषांत एक टाकून दुसरें लावितात. संगीताचा दुष्काळ संपला. लक्ष देण्याचा सुरू झाला.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला ती सांगतों.

गेलीं दोनतीन वर्षें वहिनींस कमी ऐकूं येऊं लागलें आहे. वयोमानानें प्रथम उंच कंपनांचे आवाज नाहींसे होतात. बोलण्यांतील स, श, फ यांसारखीं व्यंजनें पुसट होतात. तज्ज्ञांकडे नेऊन पुतण्यानें चांगलें यंत्र आणविलें. त्यानें बोलणें स्पष्ट झालें, दारावरची घंटा कळूं लागली. सर्वांनीं समाधान मानलें. वहिनी मात्र तें यंत्र शनिवारीं रात्रीं काढून ठेवीत. कारण विचारलें तर "सवय नाहीं" इतकेंच सांगत. एके दिवशीं नातीनें फारच आग्रह केला, तेव्हां त्या म्हणाल्या, "त्यांत तंबोरा मरतो गं. सुरू झाला कीं दोन क्षणांत विझतो. गाणारा एकटाच राहतो, भिंत नसलेल्या घरासारखा. माणसांचं बोलणं थोडं कमी कळलं तर चालेल मला. हें नको."

घरांतील आम्ही सर्व स्तब्ध झालों. यंत्र महागाचें होतें, तें घेणाऱ्याचा हेतु निर्मळ होता, आणि तें न लावल्यास एकलेपण वाढतें हें वैद्यकानें ठासून सांगितलें होतें. दुसरीकडे, ज्या एका गोष्टीवर या बाईंनीं आपलें अंतरंग पन्नास वर्षें पोसलें, तीच त्या यंत्रांत हरपत होती. आणि ही तक्रार करावयाचीही त्यांस भीड वाटत होती, कीं मुलानें इतका खर्च केला आहे.

नात आजीस घेऊन पुन्हां तज्ज्ञांकडे गेली. वर्गांत शिकल्याप्रमाणें तिनें "बरोबर ऐकूं येत नाहीं" असें म्हटलें नाहीं. काय घडतें तें सांगितलें. अखंड, एकसारखा चालणारा नाद दोन क्षणांत दबतो; लांबविलेला स्वर कधीं थरथरल्यासारखा होतो; मोठी तान आणि हळू आलाप यांतील अंतर नाहींसें होतें. तज्ज्ञांस उलगडा झाला. हीं यंत्रें मुख्यतः बोलणें कळावें म्हणून बांधलेलीं असतात. जो आवाज न बदलतां एकसारखा चालतो त्यास पंख्याचा किंवा वाहनांचा गोंगाट समजून यंत्र दाबून टाकतें. शिटी बसूं नये म्हणून केलेली योजना लांब स्वरास शिटी समजते. आणि मोठे आवाज लहान व लहान आवाज मोठे करण्याच्या खटपटींत गाण्याचा चढउतार सपाट होतो. गोंगाट आणि तंबोरा यांतला भेद यंत्रास कोण शिकविणार? तज्ज्ञांनीं त्या सोयी कमी करून गाण्यासाठीं एक निराळी योजना त्याच यंत्रांत बसवून दिली. एक कळ दाबली कीं बोलण्याची योजना जाते व गाण्याची येते.

सर्व कांहीं परत आलें असें नव्हे. जवारीची ती बारीक झळाळी उंच कंपनांत असते. ती गेली ती गेलीच. पण खर्ज आहे, पंचम आहे, आणि त्यांतून उमटणारा गंधारही, तो फार उंच नसल्यामुळें, वहिनींस मिळाला. त्या दिवशीं त्यांनीं प्रथमच दोन तास सलग गाणें ऐकलें. दादांनीं स्वतः उठून भात लावला. पुतण्यानें रसग्रहणाच्या विषयास किती गुण मिळाले हें विचारलें नाहीं. तेव्हां आम्हीही तें येथें सांगत नाहीं.

अभ्यासक्रम संपला, घरांतील शाळा चालू आहे. तिचे नियम थोडे आहेत. आठवड्यांतून एक वेळ ठरवावी आणि ती मोडूं नये. एका वेळीं एकच राग घ्यावा, फार तर दोन, आणि ते शेजारीं शेजारीं ठेवून ऐकावे. गाणें चालू असतां बोलूं नये, हातांत दुसरें काम असलेंच तर तें न बोलणारें असावें. संपल्यावर काय घडलें तें आधीं सांगावें, कसें वाटलें तें मागाहून. आणि सर्वांत महत्त्वाचें, घरांतील जें माणूस सर्वांत कमी बोलतें त्यास आधीं विचारावें. पुष्कळदां ऐकण्याचें काम त्यानेंच केलेलें असतें.

येत्या शनिवारीं दिवेलागणीस मारवा आणि पूरिया ऐकावयाचें ठरलें आहे. स्वर दोहोंचे तेच. एक रिषभ-धैवतांवर उभा, दुसरा गंधार-निषादांवर. दोहोंत भेद कोणता, हें वहिनींनीं आपल्या शब्दांत लिहून ठेवून कागद दुमडून नातीच्या हवालीं केला आहे. तो आम्ही ऐकणें झाल्यावरच उघडूं. वाचकांपैकीं कोणास इच्छा असेल त्यांनीं त्याच संध्याकाळीं आपल्या घरीं हेच दोन राग लावावे, आणि घरांतील वडील बायामाणसांस काय ऐकूं आलें तें एका कागदावर लिहून घ्यावें.